जपानचा रेल्वे पास: आधी मार्ग आखा, मग पासाकडे वळा

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाचा ‘पास’ या शब्दावर जरा जास्तच विश्वास असतो. रोज तिकिटाच्या रांगेत उभा राहतो तो वेडा आणि पास काढतो तो शहाणा, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवलं जायचं. त्यामुळे जपानला जायचं ठरलं तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न ना व्हिसाचा होता, ना थंडीच्या कपड्यांचा. "रेल्वेचा पास काढलास का गं? तो घेतला की बुलेट ट्रेन फुकट!"

आत्या चुकत नव्हती, तिची माहिती जुनी होती एवढंच. २०१९ च्या वसंतात आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा सात दिवसांचा पास २९,११० येनांना होता आणि नुसतं टोकियो ते क्योटो जाऊन-येऊन तिकीटच २७ हजार येनांच्या आसपास पडायचं. मध्ये एखादी छोटी सहल झाली की पैसे वसूल. त्या काळात डोळे मिटून पास घेणारा फारसा फसत नव्हता. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येनांवर गेला. चौदा दिवसांचा झाला ८०,००० आणि एकवीस दिवसांचा १,००,०००. गाड्यांची सुटी तिकिटं मात्र त्या मानाने जवळपास होती तिथेच राहिली. म्हणजे सल्ला तोच, हिशेब उलटा.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी चौघं: नवरा, मी, दहा वर्षांची लेक आणि सत्तरीच्या सासूबाई. देशभराचा मोठा पास घेतला नाही. का नाही घेतला आणि त्याऐवजी काय केलं, ते इथे क्रमाने सांगते. खालचे सगळे आकडे त्या सहलीच्या वेळचे, साध्या डब्याचे आणि माणशी आहेत. तुम्ही जाल तेव्हा ते अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा बघा आणि हीच आकडेमोड नव्या आकड्यांनी करा.

पास नक्की कोणाचा?

हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. जपानची सरकारी रेल्वे १ एप्रिल १९८७ ला मोडून तिचे तुकडे केले गेले: प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या आणि मालवाहतुकीची एक. या सहा जणींना मिळून जेआर म्हणतात. होक्काइदो, ईस्ट, सेंट्रल, वेस्ट, शिकोकू आणि क्युशू. आपण ज्याला ‘जपान रेल पास’ म्हणतो तो या सहाही जणींचा सामायिक पास. याखेरीज एकेका कंपनीचे आपापल्या भागापुरते वेगळे पास असतात, त्यांना आपण प्रादेशिक पास म्हणू.

आता मेख. टोकियो ते शिन-ओसाका (ओसाकाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन) ही जपानची सगळ्यात गाजलेली बुलेट ट्रेनची वाट, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेली, ती ना ईस्टची ना वेस्टची. ती सेंट्रलची. म्हणून ईस्टचा किंवा वेस्टचा प्रादेशिक पास टोकियो–क्योटो बुलेट ट्रेनला चालत नाही. टोकियोच्या आसपास चालणारे पास आहेत, ओसाकाच्या आसपास चालणारे आहेत, पण मधल्या पुलावर एकतर मोठा पास नाहीतर सुटं तिकीट. आपल्यासारख्यांच्या बहुतेक सहली नेमक्या याच पुलावरून जातात, त्यामुळे सगळी आकडेमोड शेवटी इथेच येऊन थांबते.

आणि जपानमध्ये जेआरखेरीज खाजगी रेल्वेही भरपूर आहेत. टोकियोची मेट्रो, नारिता विमानतळाहून येणारी स्कायलायनर, हाकोनेचा डोंगर चढणारी गाडी, ओसाकाहून नाराला जाणारी किंतेत्सू, यातल्या कशातही जेआरचा पास चालत नाही. ‘पास आहे म्हणजे सगळं फुकट’ हे वाक्य इथेच निकालात निघतं.

पहिली पायरी: व्हिसाचा कागद समोर घ्या

जपानच्या व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम लिहून द्यावा लागतो: कुठल्या तारखेला कुठे, मुक्काम कुठे. बहुतेक जण तो शेवटच्या रात्री कसाबसा भरतात. तोच कागद नीट भरा, कारण पासाचा सगळा हिशेब त्यावरून होतो.

एका वहीच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, कुठून, कुठे, आणि कुठली गाडी. शहरातल्या शहरात फिरायचे दिवस लिहा आणि त्यांच्यापुढे रेघ मारा. त्या दिवशी पासाचा उपयोग जवळजवळ शून्य. टोकियोत जेआरची यामानोते नावाची गोल फिरणारी लोकल आहे आणि ती पासावर चालते, पण तिचं तिकीट दीडशे-दोनशे येन. दिवसाला सात हजार येन पडणारा पास त्यावर कधी वसूल व्हायचा?

आमच्या पानावर तेरा दिवसांत लांबच्या प्रवासाच्या नोंदी तीनच निघाल्या. टोकियो–क्योटो. क्योटो–हिरोशिमा. हिरोशिमा–क्योटो. नवरा म्हणाला, "एवढंच? मला वाटलं आपण गाडीतच राहणार आहोत."

दुसरी पायरी: विमानाचं तिकीट पासाच्या आधी

ही पायरी लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. टोकियोला उतरून टोकियोहूनच परत यायचं असेल तर क्योटो-ओसाकाहून साडेतेरा-चौदा हजार येन मोजून उलटं यावं लागतं, अर्धा दिवस जातो तो वेगळाच. त्यापेक्षा टोकियोला उतरायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघायचं. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगवरून जाताना ‘मल्टी-सिटी’ पर्यायात असं तिकीट मिळतं आणि पुष्कळदा भाडं परतीच्या साध्या तिकिटाच्या आसपासच असतं. जास्त असेल तर फरक येनांत बदला आणि रेल्वेच्या हिशेबात धरा. पास विकत घेऊन मग विमान बघणं म्हणजे आधी मंगल कार्यालय बुक करून मग मुलगी शोधणं.

तिसरी पायरी: सुट्या तिकिटांची खरी बेरीज

बुलेट ट्रेनचं तिकीट दोन भागांचं असतं: अंतराचं मूळ भाडं आणि वर वेगाचा अधिभार. राखीव जागेचा अधिभार गर्दीच्या आणि बिनगर्दीच्या दिवसांत थोडा वर-खाली होतो. गुगल मॅप्स किंवा नॅव्हीटाइमवर तारीख टाकून बघितलं की एकूण रक्कम दिसते. फक्त हे लक्षात ठेवा की नकाशा तुम्हाला सगळ्यात जलद वाट दाखवतो. त्यात खाजगी गाडी असू शकते आणि बुलेट ट्रेन तर हमखास नोझोमी, म्हणजे सगळ्यात जलद, असते. नोझोमीचं प्रकरण पुढे येतंय.

आता नेहमीची सहल घेऊ, नव्वद टक्के मराठी मंडळी करतात ती: टोकियो, क्योटो, तिथून हिरोशिमा, परत टोकियो.

टोकियो–क्योटो हिकारी गाडीची राखीव जागा १३,८५०. जाऊन-येऊन २७,७००. क्योटो–हिरोशिमा सुमारे ११,३००, म्हणजे जाऊन-येऊन २२,६००. बेरीज ५०,३००. पास ५०,०००. तीनशे येन वाचले!

इथे बरेच जण खूश होऊन पास घेतात. मीही घेणार होते. पण थांबा, अजून दोन ओळी लिहायच्या आहेत.

जेआर वेस्टचा ‘कान्साई-हिरोशिमा एरिया पास’ म्हणून एक प्रकार आहे: सलग पाच दिवस, १७,००० येन. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा बुलेट ट्रेन येते, क्योटो, नारा, कोबे, हिमेजीच्या जेआर लोकल येतात, कान्साई विमानतळाची हारुका नावाची गाडी येते, हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआरची फेरीबोटसुद्धा येते. म्हणजे क्योटो–हिरोशिमाच्या नुसत्या येण्याजाण्याचे जे २२,६०० लागत होते, ते १७,००० मध्ये आले आणि नारा-हिमेजी वरकमाई.

मग तीच सहल अशी झाली: टोकियो–क्योटो–टोकियो २७,७०० अधिक १७,०००, एकूण ४४,७००. मोठ्या पासापेक्षा ५,३०० येन कमी. आणि कान्साईहून विमान पकडलं तर परतीचं तिकीटही उडालं: १३,८५० अधिक १७,०००, एकूण ३०,८५०. पन्नास हजारांच्या जागी एकतीस हजारांच्या आत.

हा फरक १९,१५० येनांचा. मुलांचं भाडं आणि पास दोन्ही वयाच्या सहा ते अकरा वर्षांपर्यंत अर्धे, म्हणून आमचं कुटुंब साडेतीन तिकिटांचं. ६७ हजार येन. तेव्हाच्या पंचावन्न पैशांच्या आसपासच्या दराने साधारण ३७ हजार रुपये. विमानाच्या तिकिटाला आम्हाला माणशी थोडेफार जास्त पडले, ते यातून सहज भागले.

नुसतं टोकियो–क्योटो–टोकियो करणार असाल, हिरोशिमा नको असेल, तर मोठ्या पासाचा विचारही करू नका. २७,७०० च्या प्रवासासाठी ५०,००० कोण देतं?

मग मोठा पास घ्यायचा तरी कोणी?

ज्यांच्या पानावर आठवड्याभरात खरोखर लांब पल्ले आहेत त्यांनी. टोकियोहून उत्तरेला होक्काइदोच्या दारात शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट २३,४३० येन आहे. हे जाऊन-येऊन केलं आणि त्याच आठवड्यात क्योटोही केलं, की बेरीज ७४ हजारांवर जाते, तिथे पास झकास. टोकियोहून थेट दक्षिणेला क्युशूत कागोशिमापर्यंत जाऊन परत येणाऱ्यालाही तो परवडतो. रेल्वेवेड्यांची गोष्ट वेगळी. कागदावर न आखता फलाटावर उभं राहून पुढचं शहर ठरवणाऱ्याला पासाची किंमत हिशेबात मोजता येत नाही, आणि मोजूही नये.

पण सत्तरीच्या सासूबाई आणि दहा वर्षांची लेक बरोबर असताना सात दिवसांत पाच शहरं म्हणजे पास वसूल करण्याची शिक्षा. पासाचे पैसे फिटावेत म्हणून गाडीत बसलेली माणसं मी क्योटोच्या स्टेशनवर बघितली आहेत. दुपारी दोनला जेवणाचा पत्ता नाही, आणि नवरा घड्याळ बघत बायकोला सांगतोय, "नागोया राहिलंय अजून."

नोझोमीचं प्रकरण

टोकियो–ओसाका मार्गावर तीन दर्जाच्या बुलेट ट्रेन धावतात. नोझोमी म्हणजे आशा, हिकारी म्हणजे प्रकाश, कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. नोझोमी मोजक्या ठिकाणी थांबते आणि सव्वादोन तासांत क्योटोला पोचवते. हिकारीला पावणेतीन तासांच्या आत-बाहेर लागतात. कोदामा प्रत्येक स्टेशन घेत जाते, आपल्या स्लो लोकलसारखी.

मोठ्या पासावर नोझोमी आणि तिची पश्चिमेकडची बहीण मिझुहो या दोघी जादा पैसे भरल्याशिवाय चालत नाहीत. टोकियो–क्योटोला हा जादा आकार ४,९६० येन आणि टोकियो–हिरोशिमाला ६,५००, तोही एका बाजूचा. थोडक्यात, आशा धरायची तर खिसा सैल सोडा. नोझोमी गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंत सुटतात आणि हिकारी साधारण दोन, त्यामुळे ‘हिकारीच पकडू’ हे म्हणायला सोपं, पण एक चुकली तर अर्धा तास फलाटावर. टोकियोहून हिरोशिमाला हिकारीने जायचं तर मध्ये गाडी बदलून साकुरा नावाची बुलेट ट्रेन घ्यावी लागते. ती शक्यतो शिन-कोबेला बदला. तिथे त्याच फलाटावर पुढची गाडी येते, जिने चढावे-उतरावे लागत नाहीत. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर ही टीप सोन्याची.

सुटं तिकीट काढणाऱ्याला ही कटकट नाही. टोकियो–क्योटो नोझोमीची राखीव जागा १४,१७०, हिकारीपेक्षा फक्त ३२० येन जास्त. आणि कान्साई-हिरोशिमा पासावर शिन-ओसाकाच्या पुढे नोझोमीही चालते, जादा आकार नाही. पन्नास हजारांच्या पासाला जी गाडी वर्ज्य, ती सतरा हजारांच्या पासाला मोकळी. याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

फक्त एक खाच आहे. हा पास बुलेट ट्रेनला शिन-ओसाकापासून पुढेच लागू आहे. क्योटो ते शिन-ओसाका हा बुलेट ट्रेनचा तुकडा सेंट्रलचा. त्यामुळे क्योटोत मुक्काम असेल तर आधी साध्या जेआर लोकलने, ‘स्पेशल रॅपिड’ने, पंचवीसेक मिनिटांत शिन-ओसाकाला यायचं आणि तिथे बुलेट ट्रेनच्या दारातून आत जायचं. क्योटोतच बुलेट ट्रेनमध्ये चढलात तर त्या तुकड्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. या पासावर राखीव जागाही मोजक्याच वेळा घेता येतात, अमर्याद नाहीत. बाकी वेळ बिनराखीव डब्यात बसायचं, आणि ओसाकाला गाडी सुरू होत असेल तर तिथे जागा मिळतेच.

आणखी दोन-तीन पास बघून ठेवण्यासारखे

हिरोशिमा नको, पण हिमेजीचा पांढरा किल्ला, नारा आणि किनोसाकीची गरम पाण्याची कुंडं हवीत, तर वेस्टचाच ‘कान्साई वाइड एरिया पास’, पाच दिवस, १२,००० येन. तो पश्चिमेला ओकायामापर्यंत बुलेट ट्रेनसह चालतो.

टोकियोत बसून आजूबाजूला फिरायचं असेल, निक्को, कारुइझावा वगैरे, तर ईस्टचा तीन दिवसांचा ‘टोकियो वाइड पास’, १५,०००. तिन्ही दिवस खरंच बाहेर पडणार असाल तरच.

टोकियोहून ओसाकाला सरळ न जाता वरून, समुद्राच्या बाजूने कानाझावा करून जायचं असेल तर ‘होकुरिकू आर्च पास’, सात दिवस, ३०,०००. मार्च २०२४ मध्ये तिथली बुलेट ट्रेन त्सुरुगापर्यंत वाढली, त्याच सुमारास हा पासही महागला. सुटी तिकिटं जोडली, नारिताची गाडी आणि कान्साईची हारुका धरून, तर एकोणतीस हजारांच्या आसपास जातात. म्हणजे फिटंफाट. वाटेत तोयामा, नागानो असे थांबे घेणार असाल तर पास, नाहीतर तिकिटं. शिराकावा-गोच्या कौलारू, म्हणजे खरंतर गवती, घरांच्या गावाला रेल्वे जात नाही. तिथली बस या पासात नाही.

दिवस मोजताना

हे माझ्या अंगावर आलेलं आहे म्हणून जरा रेंगाळते. पासाचा दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत, तारीख. रात्री अकराला सुरू केलात तरी तो पहिला दिवस संपला. आणि दिवस सलगच मोजले जातात, मध्ये विश्रांती घेतली तरी.

२०१९ मध्ये आम्ही नारिताला उतरल्या उतरल्या पास सुरू केला, कारण विमानतळ ते टोकियोची नारिता एक्सप्रेस त्यात ‘फुकट’ होती. वाचले माणशी तीन हजार. मग तीन दिवस टोकियोत मेट्रोचे पैसे वेगळे भरत फिरलो. क्योटो-हिरोशिमा केलं आणि परतीच्या दिवशी सकाळी नवऱ्याने बोटं मोजली. आठवा दिवस. क्योटो–टोकियो तिकिटं काढली, माणशी साडेतेरा हजार. तीन हजारांसाठी साडेतेरा हजार घालवले ही गोष्ट आमच्या घरी आजही, विशेषतः मी बाजारातून काही ‘स्वस्त’ आणलं की, निघते.

तेव्हा पास सुरू करायची तारीख म्हणजे पहिल्या लांबच्या प्रवासाची तारीख, उतरण्याची नव्हे. मोठा पास हातात घेतल्यापासून महिनाभरातली कुठलीही तारीख सांगता येते. आमच्या पाच दिवसांच्या पासाचं आम्ही उलटं मोजलं: कान्साईहून विमान ज्या दिवशी, तो पाचवा दिवस. म्हणजे विमानतळाची हारुका त्यात आली. मागे मोजत गेलं की पहिला दिवस आपोआप ठरतो.

पास मिळतो कोणाला, घ्यायचा कुठून

मोठा पास अल्प मुदतीसाठी आलेल्या पाहुण्यांसाठी आहे आणि पासपोर्टवर तसा ‘टेम्पररी व्हिजिटर’ शिक्का किंवा चिकटपट्टी लागते. उतरल्यावर ती नीट लागली आहे ना, ते काउंटरसमोरच बघून घ्या. टोकियोच्या निशी-कासाईत पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. तुमचा भाचा तिथे नोकरीच्या व्हिसावर असेल आणि तो तुमच्याबरोबर क्योटोला येणार असेल, तर त्याला तुमच्यासारखा पास मिळणार नाही. त्याचं तिकीट वेगळं धरा.

घेण्याचे मार्ग दोन. जेआरच्या अधिकृत संकेतस्थळावर घेतलात तर राखीव जागा भारतात बसूनच निवडता येतात. प्रवासी कंपनीकडून घेतलात तर आधी एक बदलीचा कागद मिळतो आणि तीन महिन्यांच्या आत तो जपानमधल्या जेआरच्या खिडकीवर देऊन खरा पास घ्यायचा. मोठ्या स्टेशनांवर या खिडकीला सकाळी चांगली रांग असते, तासभर धरून चाला. सुरू होण्याआधी बेत रद्द झाला तर काही रक्कम कापून पैसे परत मिळतात. सुरू झालेला पास मात्र तुमचा तो तुमचाच.

हरवला तर दुसरा मिळत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आमच्या बाबतीत जेमतेम टळलेलं. हा पास आता जाड पुस्तिका राहिलेला नाही, लोकलच्या छापील तिकिटासारखा कागदाचा तुकडा असतो. फाटकाच्या फटीत घालायचा, तो आत ओढला जातो आणि आपण पलीकडे पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला वर येऊन उभा राहतो. हिरोशिमाला सासूबाईंनी आमचा तसाच पाच दिवसांचा पास घातला, फाटक उघडलं, आणि त्या पदर सावरत सरळ चालू लागल्या. त्यांच्या हिशेबाने तिकीट ‘जमा’ झालं होतं. मागचा एक शाळकरी मुलगा दोन्ही हातांत तो कागद धरून धावत आला आणि कमरेत वाकून त्यांना दिला. सासूबाईंनी त्याच्या हातावर राजगिऱ्याची वडी ठेवली. त्यानंतर पूर्ण सहलभर चारही पास माझ्या गळ्यातल्या पाऊचमध्ये. प्रत्येक फाटकावर मी वाटायचे आणि पलीकडे गोळा करायचे, शाळेच्या सहलीतल्या बाईंसारखी.

जागा, सामान आणि डबा

युरोपच्या रेल्वे पासावर फ्रान्स, इटलीच्या जलद गाड्यांत राखीव जागेचे पैसे वेगळे घेतात. जपानच्या मोठ्या पासावर ते लागत नाहीत, म्हणून आळस करू नका, जागा राखून ठेवा. टोकियोहून क्योटोला जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो. साध्या डब्यात ‘ई’ अक्षराची खिडकी मागा. परतीतही अक्षर तेच. नववर्ष, एप्रिल अखेरचा गोल्डन वीक आणि ऑगस्टमधल्या ओबोन सणाच्या गर्दीत नोझोमीत बिनराखीव डबाच नसतो, हेही ध्यानात असू द्या.

या मार्गावर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेला मागच्या बाजूची ठरावीक जागा आधी राखावी लागते, नाहीतर १,००० येन दंड. घाबरू नका. विमानात चालणारी नेहमीची मोठी बॅग १५८ च्या आत असते. तरीही चार बॅगा घेऊन स्टेशनचे जिने करण्यापेक्षा आम्ही हॉटेलातूनच त्या पुढच्या हॉटेलवर पाठवल्या. तिथे याला ताक्क्युबिन म्हणतात. बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात आणि दुसऱ्या दिवशी सामान खोलीत हजर. पासावर वाचलेल्या पैशांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचला नाही.

टोकियो–ओसाका गाडीतली खाण्याची ढकलगाडी ऑक्टोबर २०२३ अखेर साध्या डब्यांतून बंद झाली. जे घ्यायचं ते फलाटावर घ्या. शाकाहारी असाल तर खारवलेल्या आलुबुखाऱ्यासारख्या फळाचा, उमेबोशीचा, भाताचा त्रिकोण त्यातल्या त्यात बरा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बुलेट ट्रेनमध्ये डबा उघडायला कोणी नाक मुरडत नाही, शहरी लोकलमध्ये मात्र खाऊ नका.

शहरात फिरायला

त्यासाठी सुइका, पास्मो किंवा इकोका यांपैकी एक कार्ड घ्या. पैसे भरायचे, फाटकावर टेकवायचं, बास. नाव वेगळं असलं तरी एकमेकांच्या शहरात चालतात. मेट्रो, बस, खाजगी गाड्या, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे. लहान मुलांचं अर्ध्या भाड्याचं कार्ड वेगळं मिळतं, त्याला पासपोर्ट दाखवावा लागतो.

मियाजिमाला जाताना धक्क्यावर दोन कंपन्यांच्या फेरीबोटी शेजारी-शेजारी लागतात. पास जेआरच्याच बोटीत चालतो. दिवसा जाताना हीच बोट पाण्यात उभ्या असलेल्या देवळाच्या लाल कमानीच्या जवळून वळसा घेते, तेव्हा उजवीकडे उभे राहा. पास असला तरी ऑक्टोबर २०२३ पासून बेटाचा १०० येन प्रवेशकर प्रत्येकाला भरावा लागतो. सुटी नाणी वर ठेवा, यंत्रासमोर सगळं कुटुंब खिसे चाचपत उभं राहिलं की मागची रांग काही बोलत नाही, पण आपल्यालाच कसंसं होतं.